चौदा नंबरची मिशी

शुक्रवार, ३१ ऑक्टोबर. सकाळी सातला कवायतीच्या मैदानावर पातळ धुकं. दहापासून कोरडं, टोचणारं ऊन. वारा नाही. शस्त्रागारातल्या तापमापकावर अकरा वाजता तेहतीस.

"ओरखड्यानं गोळी वाकडी जाते का, उस्ताद?"

"नाही."

"नेम चुकतो?"

"नाही."

"हत्यार अडकतं?"

"नाही."

"मग?"

 उस्तादांनी चष्म्याच्या काचेवर फुंकर मारली आणि चष्मा पुन्हा डोळ्यांवर चढवला.

उस्ताद म्हणजे इलाही शिकलगार, जिल्हा पोलीस मुख्यालयाचे आर्मरर हवालदार. त्यांच्या आधीच्या पिढ्यांनी तलवारींना पाणी दिलं. यांनी चौतीस वर्षं पोलिसांच्या बंदुका आणि पिस्तुलं सांभाळली. आज त्यांच्या नोकरीचा शेवटचा दिवस.

विचारणारा रणधीर वाकळे. पोलीस नाईक, वय बत्तीस. तीन महिन्यांपासून उस्तादांच्या हाताखाली.

मी दळवी. शस्त्रागाराची नोंदवही माझ्याकडे असते. जे पाहिलं आणि ऐकलं तेवढंच लिहितो.

ज्या ओरखड्याची गोष्ट चालली होती तो असा. पिस्तूल उघडून, साफ करून पुन्हा जोडताना शेवटी डाव्या बाजूनं एक खिट्टी बसवावी लागते. खिट्टीला एक दांडी असते आणि एक शेपूट. दांडी भोकातून आरपार घालायची, मग शेपूट वर उचलून खाचेत बसवायचं. खाचेच्या तोंडाशी स्प्रिंगवर बसलेली एक बारीक घुंडी असते. शेपूट तिला अडतं. अडलं की माणूस दाबतो. दाबलं की शेपूट घसरतं, आणि फ्रेमच्या काळ्या मुलाम्यावर एक बाकदार पांढरी रेघ उमटते.

आमच्याकडे तिला मिशी म्हणतात.

प्रत्येक पिस्तुलाचं नोंदवहीत एक पान आहे. पानाच्या शेवटी 'खुणा' नावाचा रकाना. तो छापील नमुन्यात नाही. उस्तादांनी तो पट्टीनं आखून घेतला, मी इथं येण्याच्या कितीतरी आधी. तारीख, खुणेची लांबी, कुणाच्या हातून. यात वाकळेचं नाव तीन महिन्यांत सहा वेळा आलं होतं. दोन, पाच, सहा, नऊ, अकरा आणि बारा नंबर. सहाही नोंदी माझ्या अक्षरात.

असं असून हा माणूस अडाणी हाताचा नव्हता. डोळ्यांवर रुमाल बांधून पिस्तूल उघडून पुन्हा जोडायला त्याला सत्तेचाळीस सेकंद लागत. मी घड्याळ लावून पाहिलंय. नेमबाजीत तीन वर्षं जिल्ह्यात पहिला.

"सत्तेचाळीस सेकंद," तो त्या दिवशीही म्हणाला. "साऱ्या परिक्षेत्रात कुणाचे नाहीत."

"आणि सहा मिश्या," दाराच्या जाळीतून आवाज आला. "त्याही कुणाच्या नाहीत."

पहाऱ्यावर सुनंदा पाटोळे होत्या. बाई नजर समोर मैदानावर ठेवून आतल्या प्रत्येक वाक्याला उत्तर देत.

"पाटोळेबाई, तुम्ही पहारा करा."

"करतेय की. तुमच्यापासून पिस्तुलांचा."

उस्ताद हसले नाहीत. रणधीरही हसला नाही. त्याचा उजवा पाय टेबलाखाली सारखा हलत होता.

त्या पायाचंच सगळं होतं. गेल्या वर्षी मिरवणुकीच्या बंदोबस्तात लोखंडी कठडा अंगावर आला आणि गुडघ्याची वाटी फुटली. बारा-बारा तास उभं राहणं आता होत नव्हतं. आर्मररची जागा म्हणजे बसून काम. ती मिळायची तर योग्यता पत्रकावर उस्तादांची सही हवी, आणि ते पत्रक आज पाचच्या आत राखीव निरीक्षकांच्या टेबलावर. सही नसेल तर उद्या सकाळी मूळ ठाण्यात हजर. उद्यापासून सही करायला उस्ताद नव्हते, आणि नवीन आर्मरर दुसऱ्या जिल्ह्यातून यायचा होता.

रणधीरनं मुख्यालयाजवळ खोली घेऊन ठेवली होती. मुलीचं नावही इथल्या शाळेत घातलं होतं.

उस्तादांची अट एकच होती. "चौदा नंबर. पान कोरं आहे. मिशी न येता जोड. सही करतो."

चौदा नंबर आठवड्यापूर्वी आलेलं. मुलाम्यावर अजून बोटांचे ठसेसुद्धा बसले नव्हते.

अकरा वाजून दहा मिनिटांनी पहिला प्रयत्न.

रणधीरनं खिशातून चिकटपट्टीचं रीळ काढलं. जिथं मिशी उमटते तिथं तीन थर चिकटवले. नखानं कडा दाबल्या. मग पिस्तूल उघडलं, जोडलं, खिट्टी घातली, शेपूट उचललं. ते अडलं, त्यानं दाबलं, पट्टीवर कर्र झालं, आणि ते खाचेत गेलं. त्यानं पट्टी सोलली. खालचा मुलामा कोरा.

"घ्या," तो म्हणाला. "एक रेघ दाखवा."

उस्तादांनी पिस्तूल पाहिलंच नाही. त्याच्या हातातली पट्टी मागून घेतली. तिच्यावर बाकदार ओरखडा स्पष्ट होता. त्यांनी ती टेबलावर पसरली, खिशातलं पेन काढलं, आणि पट्टीवर लफ्फेदार सही केली. खाली तारीखही टाकली.

"हे घे."

"हे काय?"

"पट्टी पास झाली."

पाटोळेबाईंचं हसू जाळीतून आत आलं.

रणधीरचे कान लाल झाले. त्यानं पट्टीचा गोळा केला.

"उस्ताद, तुम्ही थट्टा करताय. पाच वाजेपर्यंत माझा किती वेळ उरलाय ते बघा."

"सगळ्यांचाच तेवढाच उरलाय."

"मग युक्ती सांगा! चौतीस वर्षांत तुमच्या हातून एकही नाही. काहीतरी युक्ती असणारच."

उस्तादांनी नऊ नंबर पुढं ओढलं. करंगळी नळीच्या मागच्या खोबणीत घालून रिकामं असल्याची खात्री केली. हे ते प्रत्येक वेळी करत, पिस्तूल मिनिटापूर्वी स्वतःच ठेवलेलं असलं तरी. मग उघडलं, जोडलं. खिट्टीची दांडी आत गेली. शेपूट वर आलं, घुंडीला टेकलं.

तिथं त्यांचा हात थांबला.

नुसता थांबला. दाबत नव्हता, मागंही येत नव्हता. बाहेर मैदानावर कवायतीची शिट्टी वाजली. ती वाजून संपली.

मग त्यांनी डाव्या हातात आगकाडी घेतली, तिच्या टोकानं घुंडी आत लोटली. शेपूट आपलं आपण खाचेत गेलं.

टक्.

"पाहिलंस?"

"आगकाडी."

उस्तादांनी काडी मोडून कचऱ्याच्या डब्यात टाकली.

"पुन्हा पाहा."

या वेळी काडी नव्हती. नखानं लोटली. टक्.

"नख," रणधीर म्हणाला.

"पुन्हा."

या वेळी नखही नव्हतं. दोन्ही बोटं खिट्टीवरच होती. शेपूट टेकलं, हात थांबला, आणि कधी गेलं ते मलाही दिसलं नाही. टक्.

"आता सांग. युक्ती कुठंय?"

"तेच तर विचारतोय मी!"

"अडलं की तुझा हात कुठं जातो ते बघ."

"पुढं जातो. जायलाच पाहिजे. नाहीतर बसणार कसं?"

उस्तादांनी नऊ नंबर त्याच्या हातात दिलं.

साडेअकरा ते पाऊण तो नऊ नंबरवरच होता. मी मोजलं, सत्तावीस वेळा. शेपूट अडे, हात पुढं जाई, आणि कर्र. जुन्याच मिशीवरून. नवी रेघ उमटत नव्हती, जुनी रुंद होत होती. प्रत्येक वेळी तो घड्याळाकडं पाही. घड्याळाकडं पाहिलं की पाय जोरात हले. टेबल हले. टेबलावरच्या बाटलीतलं तेल हले.

"मुलगी विचारते," तो मध्येच म्हणाला, कुणाला ते कळलं नाही. "पप्पा, तुम्ही आता बसून काम करणार ना, म्हणून."

कर्र.

पाऊण वाजता उस्ताद उठले. शुक्रवार होता, जुम्म्याच्या नमाजाला जायचं होतं. त्यांनी हात धुतले, टोपी खिशात घातली.

"नवावरच कर," दारातून म्हणाले. "चौदाला हात लावू नकोस."

"नाही लावत."

इथं माझी एक गोष्ट लिहून ठेवणं भाग आहे. टेबलावर हत्यार उघडं असताना खोलीत दोन माणसं हवीत, असा नियम आहे. महिनाअखेरीचं दारूगोळ्याचं विवरण घेऊन मी एक वाजून पाच मिनिटांनी कार्यालयात गेलो. चौदा नंबर कपाटात ठेवायला हवं होतं. ते टेबलावरच्या ताटलीतच राहिलं. मी एक वाजून पस्तीस मिनिटांनी परत आलो.

रणधीर खुर्चीत बसला होता. पुढ्यात नऊ नंबर. चौदा ताटलीत होतं तसंच.

"जमलं, दळवीसाहेब," तो म्हणाला.

"काय?"

"थांबणं."

त्यानं नऊ नंबर घेतलं. उघडलं, जोडलं, शेपूट वर आणलं. ते घुंडीला टेकलं आणि त्याचा हात थांबला. अंगठ्याच्या नखानं घुंडी लोटली. टक्. कर्र झालं नाही. त्यानं पुन्हा केलं. पुन्हा नाही. पाच वेळा मी पाहिलं, पाचही वेळा नाही.

मला मनापासून बरं वाटलं. तसं मी म्हणालोही.

तो मात्र माझ्याकडं पाहत नव्हता. त्याचा पाय सकाळपेक्षा जास्त हलत होता.

उस्ताद दोनला आले. रणधीर उभाच राहिला.

"उस्ताद, आता घ्या. लगेच घ्या."

"जेवलास?"

"नाही. भूक नाही. तुम्ही फक्त बघा, दोन मिनिटांचं काम आहे."

"सत्तेचाळीस सेकंदांचं," जाळीतून बाई म्हणाल्या.

"बाई, गप्प बसा हो जरा!"

इतका वरचा आवाज त्यानं कधी लावला नव्हता. बाईंनी वळून आत पाहिलं. मग पुन्हा समोर.

उस्ताद म्हणाले, "मला किल्ल्या जमा करायच्यात. कपाटांची मोजणी आहे. तोवर जेव."

मी नऊ नंबर कपाटात परत ठेवलं. मोजणी चालली पावणेदोन तास. उस्ताद एकेक रायफल हातात घेत, नंबर वाचत, मी खूण करत असे. रणधीर जेवला नाही. दारापर्यंत जाई, परत येई. जेवणाच्या डब्याचं झाकण उघडी, लावी. दोनदा म्हणाला, "उस्ताद, साडेतीन झाले." आणि एकदा, "सही झाल्यावर तिकडं नेऊन द्यायलाही वेळ लागतो. साहेब कधीकधी लवकर जातात." उस्ताद नंबर वाचत राहिले.

तीन वाजून पन्नास मिनिटांनी ते टेबलापाशी बसले. योग्यता पत्रक समोर ठेवलं. शेजारी पेन.

"घे चौदा."

रणधीरनं करंगळी घालून रिकामं असल्याची खात्री केली. स्लाइड काढली, स्प्रिंग काढली, नळी काढली. सगळे भाग ओळीनं मांडले. प्रत्येकाला तेलाचं बोट लावलं. पुन्हा जोडत आला. हात थरथरत नव्हते. पायाचं आणि हातांचं जसं काही नातंच नव्हतं. शेवटी खिट्टी. दांडी आत गेली. शेपूट वर आलं आणि टेकलं.

तो थांबला.



नख. टक्.

त्यानं पिस्तूल टेबलावर ठेवलं आणि दोन्ही हात मागं घेतले.

"आला हात," उस्ताद म्हणाले.

तीन महिन्यांत त्यांच्या तोंडून त्याच्यासाठी निघालेले चांगले शब्द एवढेच. रणधीरचे डोळे भरले. त्यानं मान खाली घातली.

उस्तादांनी पेनाचं टोपण काढलं. मग खणातून पांढरं मलमलचं फडकं काढून त्याच्यापुढं टाकलं.

आमच्याकडं अशी रीत आहे की जोडतो त्यानंच पुसायचं. वरचं जास्तीचं तेल फडक्यावर घ्यायचं आणि फडकं उलगडून दाखवायचं. कुणाचा संशय म्हणून नव्हे. हे रोज, प्रत्येक पिस्तुलाला.

रणधीरनं फडकं घेतलं. मूठ पुसली, स्लाइड पुसली, नळीचं तोंड पुसलं. उजवी बाजू. मग डावी. फडकं उलगडलं. तेलाचे पिवळट डाग होते, बाकी स्वच्छ.

"राहिलं," उस्ताद म्हणाले.

"काय?"

"पुसायचं."

"सगळं पुसलं, उस्ताद."

"बरं."

पेन उघडंच होतं. सही होत नव्हती. भिंतीवरच्या घड्याळात चार वाजून नऊ मिनिटं.

रणधीरनं पुन्हा पुसायला घेतलं. या वेळी घाईत. मूठ, चापाची कडी, स्लाइड, उजवी बाजू. उस्ताद पिस्तुलाकडं पाहत नव्हते, फडकं धरलेल्या हाताकडं पाहत होते. हात डाव्या बाजूला आला, पुढं सरकला, आणि खिट्टीच्या शेपटाखाली आल्यावर किंचित उचलला गेला. बोटभर जागा सोडून पलीकडं टेकला.

"अडलं?" उस्ताद म्हणाले.

रणधीर जागच्या जागी थांबला.

...

छताचा पंखा फिरत होता. त्याला एक खटका आहे, दर फेरीला वाजतो. तो मी वीसपर्यंत मोजला.

"उस्ताद..."



"तुम्ही सही करा ना," रणधीर अगदी हळू म्हणाला. "हात आला, तुम्हीच म्हणालात. आत्ताच म्हणालात."

"म्हणालो."

"मग करा."

"पुसून झालं की."

पाटोळेबाई जाळीबाहेर पाठ करून उभ्या होत्या.

रणधीरनं फडक्याची घडी बदलली. कोरी बाजू वर आणली. ती शेपटाखाली टेकवली, आणि या टोकापासून त्या टोकापर्यंत ओढली. मग उलगडून टेबलावर ठेवली.

पांढऱ्या मलमलवर काळ्या शाईचा फराटा. आणि चौदा नंबरच्या फ्रेमवर, जिथून शाई निघाली तिथं, बाकदार पांढरी रेघ.

"कधी?"

"तुम्ही नमाजला गेलात तेव्हा. एक डाव करून बघावा म्हटलं. पहिल्याच झटक्यात..."

"आणि हे?"

"दळवीसाहेबांचं पेन. चिठ्ठ्यांवर नंबर घालायचं."

मी टेबलाकडं पाहिलं. पेन माझ्याच पेनांच्या डब्यात होतं, टोपण उलटं लावलेलं.

"मी बाहेर होतो," मी म्हणालो. "अर्धा तास. चौदा कपाटात ठेवायला हवं होतं."

"तुझं तू तुझ्या वहीत लिही," उस्ताद म्हणाले. नजर रणधीरवरच होती.

रणधीर उठला. खुर्ची मागं सरकली, भिंतीला लागली.

"पण त्यानंतर जमलं! ती पडली म्हणून जमलं, उस्ताद. ती पडल्यावर मी बसलो आणि पहिल्यांदा हाताकडं बघितलं. दळवीसाहेबांना विचारा, पाच वेळा नवावर केलं. तुमच्यासमोर चौदावर केलं. खोटं होतं का ते?"

"नाही."

"गोळी वाकडी जात नाही. नेम चुकत नाही. हत्यार अडकत नाही. सकाळी तुम्हीच सांगितलंत."

"सांगितलं."

"मग? एका मिशीसाठी मी पुन्हा उन्हात उभा राहू? या पायावर?"

त्याचा श्वास मोठ्यानं चालला होता. उस्तादांनी चष्मा काढला. चष्म्याशिवाय त्यांचे डोळे फार लहान दिसतात.

"मिशीऐवजी तडा असता तर?" त्यांनी विचारलं.

...



रणधीरची नजर पिस्तुलांच्या कपाटाकडं गेली. कपाटात ओळीनं तेरा पिस्तुलं. उद्या सकाळी त्यांतली आठ कुणाच्या तरी कमरेला जायची होती. नावं माझ्या वहीत तयार होती.

तो सावकाश खाली बसला.

उस्तादांनी योग्यता पत्रक पुढं ओढलं. ते नीट सरळ केलं. पेनाचं टोक सहीच्या रेघेवर आणलं आणि वर पाहिलं. आवाजात राग नव्हता.

"तू सांग, रणधीर. करू सही?"

तीन महिन्यांत पहिल्यांदाच त्यांनी त्याला नावानं हाक मारली. नाहीतर वाकळे.

पेनाचं टोक कागदापासून गव्हाच्या दाण्याएवढं वर. ते हललं नाही. उस्तादांचा हात तसाच थांबला होता.

चार वाजून चोवीस. सव्वीस. मैदानावर कुणीतरी पाण्याची गाडी धुवत होतं, त्याचा आवाज. मी रणधीरकडं पाहत नव्हतो, टेबलाकडं पाहत होतो. म्हणून माझ्या लक्षात आलं की तेलाची बाटली हलत नाहीये.

"पाचच्या आत नेऊन देता येईल अजून," मी म्हणालो. का म्हणालो, मला सांगता येणार नाही.

"हो," रणधीर म्हणाला. "येईल."

मग म्हणाला, "नको."

"काय नको?"

"सही. नका करू."

उस्तादांनी पेनाला टोपण लावलं.

"बरं."

एवढंच. समजावणी नाही, पाठीवर हात नाही. त्यांनी माझ्यापुढली नोंदवही उचलली, चौदा नंबरचं पान उघडलं, आणि वही फिरवून रणधीरपुढं ठेवली. मी आल्यापासून त्या वहीत माझ्याशिवाय कुणाचं अक्षर नव्हतं.

रणधीरनं माझ्या डब्यातली स्टीलची पट्टी घेतली. रेघेवर धरली.

"सहा मिलिमीटर," मी लांबूनच अंदाजानं म्हणालो.

त्यानं पिस्तूल उजेडाकडं फिरवलं, डोळा बारीक केला.

"साडेसहा."

तेच लिहिलं. तारीख लिहिली. वेळ लिहिली, एक वाजून वीस. 'कुणाच्या हातून' या रकान्यात पूर्ण नाव, वडिलांच्या नावासकट. त्याचं अक्षर चांगलं आहे, मला माहीत नव्हतं. खाली जागा उरली होती, तिथं लिहिलं: शाईनं झाकली. चार वाजून सोळा मिनिटांनी पुसली.

नावापुढं मी नेहमी एक आकडा घालतो, त्या माणसाची ही कितवी खूण ते कळावं म्हणून. पेन तिथं थांबलं.

"दळवीसाहेब, माझी ही सातवी ना?"

मी मागची पानं चाळली, सगळी माझ्याच अक्षरातली. दोन, पाच, सहा, नऊ, अकरा, बारा.

"सातवी," मी म्हणालो.

उस्ताद दारापाशी पोचले होते. बाईंनी जाळीचं दार उघडून धरलं होतं. ते वळले नाहीत.

"पहिली," ते म्हणाले.

चौदा नंबर: मिशी एक, साडेसहा मिलिमीटर. योग्यता पत्रक पाच वाजता सहीविना जमा. रणधीर वाकळे शनिवार, १ नोव्हेंबर, सकाळी आठ वाजता मूळ ठाण्यात बंदोबस्ताला हजर.